ओपिनेल नंबर ८ की व्हिक्टोरिनॉक्स स्पार्टन? रोजच्या वापराचा घडीचा चाकू कसा निवडावा

घडीचा चाकू घ्यायचा विचार सुरू झाला की शोध बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन अडतो: फ्रान्सचा ओपिनेल नंबर ८ आणि स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स स्पार्टन. दोन्ही चांगले आहेत आणि नीट वापरले तर वर्षानुवर्षं टिकतात. तरी यातला एखादा घेऊन काही महिन्यांत ड्रॉवरमध्ये टाकणारे कितीतरी लोक भेटतात, आणि जवळजवळ सगळ्यांची चूक सारखीच असते. ते आधी पोलाद बघतात, मग पात्याची लांबी, मग दिसणं. आपण रोज कापतो काय, हा प्रश्न चाकू घरी आल्यावर पडतो. म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा लावला आहे. पोलाद त्यात चौथ्या टप्प्यावर येतं. कोणताही टप्पा गाळू नका, पहिले दोन तर अजिबात नाही.

आधी दोघांची मापं समोर ठेवू.

ओपिनेल नंबर ८: एकच पातं, ८.५ सेंमी लांब. बीच लाकडाची गोलसर मूठ, मिटल्यावर लांबी ११ सेंमी, वजन ५० ग्रॅमच्या आतबाहेर. पात्याच्या मुळाशी धातूचं फिरतं कडं असतं. ते फिरवलं की पातं जागच्या जागी अडकतं.

स्पार्टन: मिटल्यावर ९.१ सेंमी, वजन साधारण ६० ग्रॅम. मोठं पातं सुमारे ७ सेंमी, शिवाय एक छोटं पातं, डबा उघडायचं हत्यार, बाटली उघडायचं हत्यार, आरी (भोक पाडायचा टोच्या), बूच काढायचा स्क्रू, चिमटा आणि दातकोरणं. डबा आणि बाटली उघडायच्या दोन्ही हत्यारांच्या टोकांना स्क्रूड्रायव्हर आहेत. कात्री नाही. पातं लॉक होत नाही, ते स्प्रिंगच्या ताणावर उघडं राहतं.

तयारी: काय जवळ ठेवायचं

एक छोटी वही, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा. रोज घालता ती पँट किंवा रोजची पर्स. तुलनेसाठी वर्तमानपत्राचा कागद, एक घट्ट पेरू, पुठ्ठ्याचा खोका आणि हातभर सुतळी. ओळखीत कोणाकडे यातला एखादा चाकू असेल तर दोन दिवस मागून आणा. फोटो बघून जे कळत नाही ते हातात घेतल्यावर लगेच कळतं.

टप्पा १: आठवडाभर कामांची नोंद करा

सोमवार ते रविवार, दिवसभरात जेव्हा जेव्हा "आत्ता चाकू हवा होता" असं वाटलं, किंवा कात्री, किल्ली, दात वापरून काम भागवलं, तेव्हा ते एका ओळीत लिहा. काय कापलं, कुठे उभे होतात, हात ओले होते का. एवढंच पुरे.

आठवड्याच्या शेवटी चार ढीग करा:

- खाण्याचं: फळं, काकडी-टोमॅटो, पाव, चीज, डब्यातलं लिंबू
- बांधलेलं आणि चिकटवलेलं: कुरियरचे खोके, सेलोटेप, सुतळी, नायलॉनची दोरी, केबल टाय
- बारीकसारीक: शर्टाचा सुटलेला दोरा, औषधाची स्ट्रिप, दुधाची पिशवी, किमतीची चिठ्ठी
- कापण्याशी संबंध नसलेलं: रिमोटचा स्क्रू, चष्म्याची काडी, बाटलीचं झाकण, बोटात गेलेला काटा

पहिला ढीग निम्म्याहून मोठा असेल तर पारडं ओपिनेलकडे झुकतं. त्याचं पातं लांब आणि रुंद आहे, धारेकडे हळूहळू निमुळतं होत जातं, आणि मूठ पूर्ण पंजात बसते. चौथा ढीग मोठा असेल तर स्पार्टनला पर्याय नाही, कारण ओपिनेलकडे फक्त पातं आहे. दुसऱ्या ढिगातलं काम दोघंही करतात. तिसरा ढीग मोठा असेल तर थांबा. तुम्हाला कात्री हवी आहे आणि ती या दोघांतही नाही. व्हिक्टोरिनॉक्सचाच क्लाइंबर बघा: स्पार्टनएवढ्याच लांबीचा, थोडा जाड, आणि त्यात कात्री आहे.

> इथे चुकतं: वर्षातून एकदा होणारी कामं नोंदीत घुसतात. "ट्रेकला गेलो तर फांदी तोडावी लागेल", "गाडीचा सीटबेल्ट अडकला तर". अशी प्रत्येक ओळ खोडून टाका. फांदीला कोयता लागतो, नारळालाही कोयताच, आणि सुपारीला अडकित्ता. कठीण सुपारी किंवा गोठलेलं अन्न पातळ पात्याने फोडायला गेलात तर पात्याचा टवका उडतो किंवा बोट कापतं.

एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. नोंदीत "घट्ट गाठ सोडवली" असं वारंवार येत असेल तर स्पार्टनचा बूच काढायचा स्क्रू त्यासाठी उत्तम आहे. टोक गाठीत शिरवून हलकेच फिरवलं की सुतळी न कापता गाठ सैल होते. बाजारातून बांधून आलेली सुतळी जपून ठेवणाऱ्या घरात त्याचा उपयोग रोजचा आहे.

तपासणी: दोन ढीग जवळजवळ सारखे आले तर निर्णय इथे करू नका. पुढचा टप्पा बहुधा तो करून टाकतो.

टप्पा २: चाकू कुठे कुठे जाणार ते लिहा

घर, ऑफिस, लोकल, मेट्रो, विमान, शेत, कॉलेज, देऊळ. आठवडाभरात खिसा जिथे जिथे जातो ती प्रत्येक जागा लिहा. चाकू घेताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे, आणि मनस्तापही इथेच होतो.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ मध्ये परवान्याच्या संदर्भात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं येतात; घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपले दोन्ही चाकू या मापाच्या कितीतरी आत आहेत. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रं, लाठ्या, सुरे-चाकू जवळ बाळगायला बंदी घालू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे अशा काळात असा आदेश पुन्हा पुन्हा निघतो आणि स्थानिक वर्तमानपत्रात छापून येतो. त्या दिवसांत चाकू घरी ठेवायचा. पात्याच्या लांबीवरून वाद घालायला जाऊ नका.

दिल्लीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद. तिथे १९८० च्या अधिसूचनेनुसार खटक्याने उघडणाऱ्या चाकूंवर, तसंच ७.६२ सेंमी किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंमी किंवा अधिक रुंद पात्यांच्या चाकूंवर निर्बंध आहेत. ओपिनेल नंबर ८ लांबीची मर्यादा ओलांडतो. स्पार्टन आत राहतो.

ब्रिटनमध्ये स्थायिक असाल तर हाच टप्पा निकाल लावतो. तिथल्या १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टनुसार ३ इंचांपर्यंत धार असलेला, मिटणारा आणि लॉक न होणारा चाकू कारण न देता जवळ ठेवता येतो. लॉक होणारं पातं या सवलतीत बसत नाही. म्हणजे तिथे खिशात स्पार्टन चालेल. ओपिनेल सहलीच्या टोपलीत, योग्य कारणासाठीच.

विमानात दोन्ही चाकू हातातल्या बॅगेत चालत नाहीत. चेक-इन बॅगेत टाका. फक्त केबिन बॅगेचं तिकीट असेल तर चाकू घरीच. मेट्रो, न्यायालय, मंत्रालय, मोठी देवस्थानं, मॉल: जिथे बॅग मशीनमधून जाते तिथे पातं दिसतं आणि प्रश्न विचारला जातो. रोज मेट्रोने जाणाऱ्याने चाकू ऑफिसच्या कपाटात ठेवणं हेच व्यवहार्य.

> सावधान: "स्वसंरक्षणासाठी" म्हणून चाकू घेत असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, आणि हे दोन चाकूही नाहीत. पोलिसांसमोर किंवा सुरक्षारक्षकासमोर तसं बोललात तर फळं कापायच्या वस्तूचं शस्त्र होतं.

टप्पा ३: लॉक हवा की नको, हे कामावरून ठरवा

लॉक असलेला चाकू जास्त सुरक्षित असतो, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. लॉक उपयोगी पडतो तो पात्याच्या टोकाने किंवा पाठीवर दाब येईल अशा कामात: जाड पुठ्ठ्यात टोक खुपसून कापणं, पट्ट्याला भोक पाडणं. असं काम स्पार्टनच्या मोठ्या पात्याने केलं तर पातं अचानक मिटून बोटांवर येऊ शकतं. त्यासाठी त्यात आरी दिली आहे. ती मुठीच्या पाठीकडून मधोमध उघडते आणि दाब सरळ तळहातातून जातो. खोका उघडताना टोक खुपसू नका, सेलोटेपवर पातं आडवं ओढा.

ओपिनेलचं कडं फिरवायला विसरणं ही दुसरी चूक, आणि ती इतकी सर्रास होते की सवयच लावून घ्यावी लागते: उघडलं की कडं फिरवायचं, मगच कापायचं. मिटल्यावरही फिरवायचं. हल्लीच्या ओपिनेलमध्ये कडं मिटलेल्या पात्यालाही अडकवून ठेवतं, त्यामुळे खिशात पातं आपोआप उघडत नाही.

तपासणी: कडं फिरवून पातं अडकवा, बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला घ्या, आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच दाबा. आपटायचं नाही. पातं डगमगलं तर कडं आणखी थोडं पुढे फिरवा. तरीही हललं तर तो नग घेऊ नका.

नखं बारीक कापलेली असतील, किंवा घरातल्या वयस्कर माणसासाठी चाकू घेत असाल, तर आणखी एक गोष्ट बघा. स्पार्टनच्या स्प्रिंगा नव्या असताना कडक असतात आणि डबा उघडायचं हत्यार नखाने ओढताना नख दुखावतं. संधिवात असलेल्या हातांना ओपिनेल सोपा जातो. पावसाळ्यात मात्र तसं होत नाही, त्याचं कारण पुढच्या टप्प्यात.

टप्पा ४: पोलाद आणि मूठ, तुमच्या हवेनुसार

ओपिनेल दोन पोलादांत मिळतो. एक साधं कार्बन पोलाद, दुसरं स्टेनलेस. स्टेनलेसच्या पात्यावर 'इनॉक्स' असं कोरलेलं असतं. मागवताना हा शब्द बघितला नाही तर नको तो नग घरी येतो. स्पार्टन फक्त स्टेनलेसमध्येच येतो.

कार्बन पोलादाला धार पटकन लागते आणि ती अतिशय तीक्ष्ण असते. पण कैरी, लिंबू, चिंच, कोकम यांच्या आंबटपणाने ते पातं काही मिनिटांत करडं-काळं पडतं, आणि नवं असताना फळालाही लोखंडाची चव येते. पात्यावर करड्या रंगाचा थर नीट बसला की ही चव कमी होते. तो थर गंज नव्हे. घासून काढायला जाऊ नका. तांबूस, बोटाला लागणारी पूड दिसली तर तो गंज, आणि तो लगेच काढायचा. मुंबई, रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या दमट हवेत कार्बनचं पातं रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी ठिपके दिसतात. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी इनॉक्सच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सोलापूर, लातूर, नागपूरच्या कोरड्या हवेत, पुसून ठेवायची सवय असेल तर कार्बन खुशाल घ्या.

खरी अडचण मुठीची आहे, आणि तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. ओपिनेलची मूठ लाकडी आहे आणि पातं लाकडात कापलेल्या खोबणीत बसतं. जून ते सप्टेंबर लाकूड हवेतलं पाणी ओढून फुगतं, खोबण आवळते आणि पातं नखाने बाहेर येईनासं होतं. पोलाद स्टेनलेस असलं तरी हे होतंच. फ्रान्समधल्या सावोय भागातल्या, म्हणजे जिथे हा चाकू बनतो तिथल्या लोकांची यावर एक युक्ती आहे: कडं मोकळं करायचं, मिटलेला चाकू मुठीत धरून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टकटक आपटायचं, पात्याचं टोक खोबणीतून थोडं वर येतं, मग बोटांनी उघडता येतं. बोटं खोबणीच्या तोंडाशी ठेवायची नाहीत.

कायमचा उपाय थोडा वेळ घेतो. चाकू एक-दोन दिवस सावलीत, पंख्याखाली उघडा ठेवा. उन्हात ठेवलात तर लाकडाला चीर जाते. मग २४० नंबरचा पॉलिश पेपर पुठ्ठ्याच्या पातळ तुकड्याला गुंडाळून खोबणीच्या आतल्या दोन्ही भिंती हलक्या हाताने घासा. पाच-सहा वेळा घासून पातं उघडून बघा. जास्त घासलंत तर हिवाळ्यात पातं ढिलं होईल. शेवटी कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात मुठीला आणि खोबणीत द्या, जास्तीचं पुसा, दोन दिवस वाळू द्या. जवसाचं तेल हवेत घट्ट होतं म्हणून ते चालतं. शेंगदाण्याचं लावलं तर ते चिकट होऊन खवट वास मारतं.

> सावधान: जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि बोळा पेट घेऊ शकतो. चिंधी पसरून वाळवा, मग टाका.

एवढी निगा पावसाळ्यात दरवर्षी करायची तयारी नसेल, आणि चाकू कोकणात किंवा घाटमाथ्यावर वापरायचा असेल, तर पहिल्या टप्प्यात ओपिनेलचा ढीग मोठा आला असला तरी स्पार्टन घ्या. त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीला पावसाचं काही वाटत नाही. त्याला त्रास होतो तो चिकट रसाचा, आणि त्याचा उपाय नळाखाली होतो.

टप्पा ५: खिशाची चाचणी, चाकू घेण्याआधीच

११ सेंमी लांब आणि मार्करपेनएवढी जाड वस्तू खिशात ठेवून दिवसभर फिरा. व्हाइटबोर्डचा मार्कर जवळपास तेवढाच होतो. दुचाकीवर बसा, रिक्षात बसा, जिना चढा. ओपिनेल गोल असल्याने खिशात आडवा फिरतो आणि बसताना मांडीला टोचतो. स्पार्टनसाठी पुठ्ठ्याचे ९ सेंमी लांब तुकडे दीड सेंमी जाडीपर्यंत एकावर एक चिकटवा. सैल पँट किंवा पर्स असेल तर दोघांत फरक जाणवणार नाही. तंग जीन्समध्ये स्पार्टन बरा.

ओपिनेलच हवा आहे पण खिशात मावत नाही, असं झालं तर नंबर ७ किंवा नंबर ६ बघा. रचना तीच, पातं लहान.

टप्पा ६: दोन्ही हाताशी असतील तर तुलना याच क्रमाने

कागद, मग पेरू, मग पुठ्ठा, शेवटी सुतळी. हा क्रम बदलू नका. पुठ्ठा धार खातो. आधी पुठ्ठा कापून मग पेरू कापलात तर पेरूची परीक्षा खोटी ठरते. दोन चाकूंपैकी एक जुना आणि बोथट असेल तर तुलना करण्याआधी दोघांना सारखी धार लावून घ्या.

पेरूच्या वेळी नीट लक्ष द्या, कारण रोजच्या वापरातला फरक तिथे सर्वांत जास्त कळतो. घट्ट पेरू पाटावर ठेवून उभा चिरा. ओपिनेलचं पातं अख्ख्या पेरूतून एका ओढीत जातं, फोडी एकमेकींपासून सुटून पडतात, आणि बियांच्या गराभोवती गोल फिरवून तो काढताना गोल मूठ बोटांत आपोआप वळते. स्पार्टनने तोच पेरू दोन ओढींत चिरला जातो. मोठा पेरू असेल तर पातं मधेच संपतं आणि मुठीचं टोक फळावर टेकतं. पुढे दाब वाढला की मिटलेल्या इतर हत्यारांच्या कडा तळहाताला जाणवतात. एका पेरूला याने काही बिघडत नाही. पाचजणांच्या घरासाठी फळं कापायची असतील तर बिघडतं.

आता दोन्ही धुऊन बघा. ओपिनेलचं पातं ओल्या फडक्याने पुसलं की झालं. फक्त खोबणीत रस गेला असेल तर काडीने काढायचा, चाकू बादलीत बुडवायचा नाही. स्पार्टनमध्ये रस नखाच्या खाचेत आणि स्प्रिंगांच्या फटींत जातो. तो तिथेच वाळला तर आठवड्याने हत्यारं कुरकुरतात आणि मुंग्याही लागतात.

सुतळीच्या वेळी दोघांतला फरक नगण्य आहे. कापताना सुतळीचा फास करून पातं आपल्यापासून दूर ओढायचं, एवढं पाळा.

टप्पा ७: दुकानात किंवा पार्सल उघडताना

नक्कल बाजारात भरपूर आहे, व्हिक्टोरिनॉक्सची तर जास्तच. स्पार्टनच्या मोठ्या पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव स्पष्ट कोरलेलं असतं. अक्षरं पुसट किंवा वरवर छापल्यासारखी असतील तर परत करा. चाकू मिटून उजेडाकडे धरा. थर एकमेकांना घट्ट चिकटलेले दिसायला हवेत. प्रत्येक हत्यार उघडताना आणि मिटताना खट्ट आवाज यावा. चिमटा आपोआप गळून पडू नये.

ओपिनेलच्या पात्यावर मुकुट असलेल्या हाताचं चिन्ह असतं. पातं मिटून वरून बघा, ते खोबणीच्या मधोमध हवं. एका बाजूला लाकडाला घासत असेल तर पावसाळ्यात त्रास होणार हे नक्की. कडं जरा घट्ट फिरलं तर चालेल, सैल नको.

बिल जपून ठेवा. साहित्यात किंवा बनावटीत दोष निघाला तर व्हिक्टोरिनॉक्स आपल्या चाकूंना आजीवन हमी देते. झिजणं आणि चुकीचा वापर तीत येत नाही.

टप्पा ८: पहिला दिवस

स्पार्टन: सगळी हत्यारं अर्धवट उघडा, कोमट पाण्यात हलवा, फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग प्रत्येक सांध्यावर एक थेंब तेल. या चाकूने फळं कापायची असतील तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन वापरा. शिलाई मशीनचं तेल खाण्याच्या वस्तूंसाठी नसतं.

ओपिनेल: पाण्यात घालू नका. पातं पुसा, मुठीला वर सांगितलं तसा जवसाच्या तेलाचा हात द्या, कड्याखाली लिक्विड पॅराफिनचा एक थेंब.

टप्पा ९: धार, आणि ती कोणाकडून लावून घ्यायची नाही

दोन्ही चाकू नवे असताना पुरेसे धारदार असतात. टोमॅटोच्या सालीवरून पातं घसरायला लागलं की धार लावायची वेळ झाली.

गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे घरातली विळी आणि सुऱ्या जरूर द्या, हे चाकू देऊ नका. त्याचं फिरतं चाक पातळ पात्याला तापवतं. धारेवर निळसर झाक आली म्हणजे तिथलं पोलाद मऊ झालं, आणि ती धार पुढे टिकत नाही. शिवाय एका फेरीत इतकं पोलाद जातं की पाच-सहा वेळांत पात्याचा आकार बदलतो. दोन चकत्यांमधून ओढायचं स्वस्त यंत्रही टाळा.

१००० नंबरचा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, पुरतो. क्रम असा:

१. निसणा दहा मिनिटं पाण्यात ठेवा, मग ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. ओपिनेल असेल तर कडं फिरवून पातं अडकवा.

२. पात्याची धार मार्करपेनने रंगवा. पाठ दगडापासून दोन-तीन नाण्यांच्या जाडीएवढी उचलून पातं एकदा ओढा. शाई धारेच्या अगदी कडेची गेली पाहिजे. वरचीच गेली तर पाठ थोडी उचला. फक्त टोकाकडची गेली तर हात वळवा.

३. मुळापासून टोकापर्यंत सारख्या दाबाने ओढा. एकाच बाजूने ओढत राहा, जोपर्यंत पलीकडच्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागत नाही. बोट धारेच्या लांबीवरून फिरवू नका. पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर न्या.

४. मग दुसरी बाजू, तितक्याच वेळा.

५. शेवटी आलटूनपालटून एकेक ओढ, दाब अगदी हलका. जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठ पुढे करून दहा-बारा वेळा ओढा.

तपासणी: वर्तमानपत्राचा कागद एका हाताने धरा आणि धार वरून खाली न्या. जिथे अडकतं किंवा फाटतं तिथे ती खरखरीत कड अजून शिल्लक आहे. फक्त तेवढ्या भागाला पट्ट्यावर परत घ्या, दगडावर पहिल्यापासून सुरू करू नका.

स्पार्टनचं छोटं पातं वेगळं राखून ठेवा. मोठं पातं फळांना, छोटं सेलोटेप आणि सुतळीला, असं ठरवून घेतलं तर खोक्याचा गोंद फळांपर्यंत पोचत नाही आणि मोठ्या पात्याची धार जास्त दिवस टिकते. ओपिनेल घेतला असेल तर खोक्यांसाठी स्टेशनरीच्या दुकानातलं सरकत्या पात्याचं साधं कटर दाराजवळ टांगून ठेवा.